मनातली वारी

माउली, डोळे मिटून विठ्ठलाचे रूप आठवणे हे आपले नित्याचे साधन. प्रपंचातल्या संकल्पालाही ते उपयोगी पडते. पण चित्र कशाचे धरावे?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून, शेगावहून, श्रीगजानन महाराजांची पायी पालखी १९६८ साली पंढरपुरास जाऊ लागली. वाट महिनाभराची. नुसता कळस आठवून ती सरत नाही. पहाटेचे उठणे, ऊन, मुक्काम हेही आधी मनाने पाहून ठेवावे लागते.

अमेरिकेत फाम व टेलर यांच्या १९९९ सालच्या अभ्यासातही हेच दिसले. परीक्षेतले यश कल्पिणाऱ्यांपेक्षा अभ्यासाला बसणेच रोज मनात पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना गुण अधिक पडले.

तंबाखू सोडायची आहे ना? मग बाजारात सोबत्याने चंची पुढे केली नि आपण हात जोडून "नको, माउली" म्हणालो, एवढे रोज पाहावे.