डहाणू-तलासरीत पहिले गोदाम घेताना

धंद्यात चार पैसे शिल्लक पडले की ते कुठे गुंतवावेत, हा प्रश्न आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे नेहमी उभा राहतो. बँकेतील ठेवीचे व्याज घ्यायचे नाही, शेअर बाजार कळत नाही, सोने घरात ठेवायला भीती वाटते. मग नजर जागेकडे वळते. मुंबईत आणि भिवंडीत जागेचे भाव हाताबाहेर गेल्यामुळे दलाल मंडळी आता पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या टोकाच्या तालुक्यांचे नाव घेतात. "गोदाम घेऊन टाका, भाडे घरबसल्या येईल," असे ते सांगतात. यातले खरे किती आणि काय तपासावे, हे आज पाहू.

गोदामाचा धंदा दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे अख्खे गोदाम एका पार्टीला देणे. हा आपल्या ओळखीचा आहे. दुसरा प्रकार अमेरिकेत वाढला. तिथे मोठ्या शेडमध्ये लहान लहान कुलूपबंद गाळे पाडून ते महिन्याच्या भाड्याने दिले जातात. ग्राहक स्वतःचे कुलूप लावतो आणि हवे तेव्हा माल नेतो-आणतो. 'पब्लिक स्टोरेज' ही या धंद्यातील मोठी कंपनी १९७२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. त्याला 'सेल्फ स्टोरेज' म्हणतात आणि आपल्या मोठ्या शहरांतही तो आला आहे. आपण त्याला गाळे-गोदाम म्हणू.

शरियतच्या दृष्टीने जागा भाड्याने देणे म्हणजे इजारा. तो जायज आहे. मात्र भाडे हलाल राहण्यासाठी जागा, आत ठेवलेला माल आणि करार हे तिन्ही स्वच्छ असावे लागतात. डहाणू-तलासरीत या तिन्हींची कसोटी लागते. म्हणून पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : ही जमीन आपली होऊ शकते काय?

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता, गहाण ठेवता किंवा पट्ट्यानेही देता येत नाही. विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि तिला राज्य शासनाची मान्यता लागते. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचाही अधिकार येतो. त्यामुळे सातबारा उतारा घेऊन 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. तिथे कलम ३६-अ चा शेरा असेल तर पुढे भावाची बोलणीच करू नयेत. आजचा एकच उतारा पाहून थांबू नये. मागील सर्व फेरफार काढून जमीन पूर्वी कोणाची होती हे वकिलाकडून तपासून घ्यावे. १९७४ च्या कायद्याने तर जुन्या व्यवहारांत गेलेल्या जमिनीही आदिवासींना परत देण्याची तरतूद केली आहे.

इथे दलाल एक वाट दाखवतात. "जमीन गावातल्या आदिवासी माणसाच्या नावावर राहू द्या, आतून स्टॅम्प पेपर करून देतो." ही वाट धरू नये. १९८८ चा बेनामी व्यवहार कायदा २०१६ मध्ये कडक झाला असून अशी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. कायद्यापलीकडचीही एक गोष्ट आहे. याच तलासरी-डहाणूत १९४५ साली वारली उठले, ते वेठबिगारीच्या आणि जमीनदार-सावकारांच्या जुलमाविरुद्ध. ज्या जमिनीत गरिबाचा हक्क बुडाला आहे, तिच्या भाड्यात बरकत कशी येणार?

आदिवासींची नसलेली पण शेतीची जमीन असेल, तर कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. सरळ मार्ग हा की पूर्वीच बिनशेती झालेल्या जागेवरचे, मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेले तयार गोदाम घ्यावे. भाव जास्त पडेल, पण झोप शांत लागेल.

दुसरा प्रश्न : इथे गोदाम चालू शकते काय?

केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. कारखान्यांची हिरवी, नारिंगी व लाल अशी वर्गवारी झाली, जमिनीचा वापर बदलण्यावर बंधने आली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टाही मूळ अधिसूचनेत सांगितला गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. म्हणून गोदामाची परवानगी कोणत्या वापरासाठी आहे, तिथे कोणता माल चालतो, हे नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावे. कपड्याच्या गाठी ठेवणे वेगळे आणि रसायनाचे पिंप ठेवणे वेगळे.

तिसरा प्रश्न : आजचे भाडे किती?

डहाणूच्या जागेचा भाव सांगताना दलाल वाढवण बंदराचे नाव घेतोच. या बंदराचा इतिहास व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा. १९९८ मध्ये प्राधिकरणाने ते नाकारले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. स्थानिक मच्छीमारांचा विरोध या सर्व काळात कायम राहिला. नकारापासून पायाभरणीपर्यंत २६ वर्षे गेली. कोणी पहिल्या चर्चेवर जागा घेतली असती तर त्याचे भांडवल एका पिढीसाठी अडकले असते. बंदर होईल तेव्हा होईल. गोदामाची किंमत आज मिळणाऱ्या भाड्यावरच ठरवावी.

आजचे गिऱ्हाईक कोण, तेही पाहावे. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, चिकूच्या वाड्या आहेत, मासेमारी आहे. तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर असून सीमेपलीकडे उंबरगाव, वापी व सिल्वासा ही औद्योगिक गावे आहेत. चिकू साध्या गोदामात टिकत नाही, हे सांगायला नको. वापी-सिल्वासाचा व्यापारी तलासरीत माल ठेवील असे गृहीत धरण्यापूर्वी लक्षात घ्यावे की तलासरी महाराष्ट्रात आहे. तिथे विक्रीचा माल साठवायचा तर त्याला महाराष्ट्राची वेगळी जीएसटी नोंदणी करावी लागते आणि ५० हजारांवरचा माल सीमा ओलांडताना ई-वे बिलही लागते. एवढी खटपट करण्याइतकी गरज त्याला आहे काय, हे त्याच्याच दुकानी जाऊन विचारावे.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, २,००० चौरस फुटांचे गोदाम ४० लाखांना पडले. एका पार्टीला महिना २२ हजारांनी दिले तर वर्षाचे २,६४,००० झाले. त्यातून एक महिना रिकामा म्हणून २२ हजार आणि कर, विमा, डागडुजीचे ३४ हजार वजा केले तर हाती २,०८,००० राहतात, म्हणजे ५.२ टक्के.

त्याच जागेत ८० फुटांचे २० गाळे पाडून प्रत्येकी २ हजार भाडे ठेवले तर कागदावर महिना ४० हजार दिसतात. दलाल हाच आकडा दाखवतो. पण गाळे-गोदामाला दररोज दार उघडणारा माणूस लागतो. त्याचा पगार १४ हजार धरला तर वर्षाचे १,६८,००० आणि वीज, कॅमेरे, विमा, कर, डागडुजीचे ४८ हजार, असा २,१६,००० खर्च झाला. २० पैकी १३ गाळे भरले तर उत्पन्न ३,१२,००० आणि हाती फक्त ९६ हजार. १८ गाळे बारा महिने भरलेले राहिले तरच एका पार्टीच्या भाड्याशी जेमतेम बरोबरी होते. शिवाय गाळे पाडण्याचा खर्च वेगळा. म्हणून पहिल्या गोदामात मोठा भाग एका खात्रीच्या पार्टीला द्यावा आणि पुढच्या बाजूला चार-पाच गाळे करून पाहावेत. शेजारच्या गोदामवाल्यांशी मिळून एकच राखणदार ठेवला तर खर्च वाटला जातो.

चौथा प्रश्न : किल्ली कोणाकडे?

मालक मुंबईत आणि माल तलासरीत, अशा धंद्यात सर्व भिस्त करारावर आणि माणसावर असते. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते, परंतु तलासरी गाव रेल्वेवर नाही, तिथे महामार्गानेच जावे लागते. रोज जाणे शक्य नाही, म्हणून पुढील शिस्त लावावी.

१) करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. 'ओळखीचा माणूस आहे' म्हणून तोंडी व्यवहार करू नये. सूरह बकरामध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे, तो ओळखीच्यांनाही लागू आहे.

२) कोणता माल ठेवायचा ते करारात लिहावे आणि सूचना देऊन तपासणी करण्याचा हक्क राखून ठेवावा. हा सीमाभाग आहे. एका बाजूला दारूबंदीचा गुजरात, जवळच स्वस्त दारूचे दमण आणि दादरा-नगर हवेली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बाजारभावापेक्षा दुप्पट भाडे देऊन 'आत पाहू नका' म्हणणारा गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवावा. छापा पडला तर गोदामाला सील लागते आणि आधी मालकाची चौकशी होते. ओळखपत्र आणि व्यापारी असल्यास जीएसटी क्रमांक घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.

३) आवक-जावक वही ठेवावी. प्रत्येक नोंदीचा फोटो राखणदाराने त्याच दिवशी मोबाइलवर पाठवावा. कॅमेऱ्यांना बॅटरी असावी, कारण पावसात वीज जाते.

४) भाडे बँकेतच यावे. राखणदाराच्या हाती रोकड देणे म्हणजे त्यालाही अडचणीत टाकणे. त्याचा पगार मात्र ठरल्या तारखेला पूर्ण द्यावा. मजुराची मजुरी अडवणे आपल्या दीनमध्ये मोठा गुन्हा आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही पगार थकलेला राखणदार राखण करीत नाही.

५) महिन्यातून एकदा न कळवता जावे. पहिला जोराचा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी जावेच. आम्ही कापडवाले जाणतो की गाठ भिजल्यापेक्षा ओल धरून आतून सडते आणि ते उशिरा कळते. माल जमिनीला व भिंतीला लागू नये म्हणून लाकडी पाट आणि हातभर मोकळी जागा ठेवावी.

६) नोव्हेंबर २०१८ पासून डहाणूतील धुंदलवाडी आणि तलासरीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. त्यामुळे नुसत्या विटांच्या उंच भिंतींची शेड घेऊ नये, गाळ्यांचे पडदे लोखंडी सांगाड्याला बांधलेले असावेत. विमा काढणाऱ्याने त्यात पूर आणि भूकंप आहेत की नाहीत ते वाचावे. विम्याबद्दल आलिमांची मते एक नाहीत, ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारावे.

कराचेही थोडे सांगतो. व्यापारी भाड्यावर जीएसटी १८ टक्के आहे. मालकाची सर्व उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी लागत नाही. पण १० ऑक्टोबर २०२४ पासून, मालक नोंदणीकृत नसला आणि भाडेकरू नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणारा असला तर तो कर भाडेकरूने सरकारात भरायचा आहे. हे करारात आधीच लिहावे, म्हणजे पुढे तंटा होत नाही.

भांडवल एकट्याचे पुरत नसेल तर व्याजी कर्जाऐवजी दोघा-तिघांनी भागीत गोदाम घ्यावे. प्रत्येकाचा हिस्सा, खर्चाची वाटणी आणि एकाला बाहेर पडायचे झाल्यास किंमत कशी ठरवायची, हे पहिल्याच दिवशी लिहावे. भाड्याच्या इमारतीवर जकात नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. साठलेल्या भाड्यावर मात्र निसाब व वर्षाचा हिशेब करून अडीच टक्के काढावी लागते.

या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लेखी मिळत नसेल तर सौदा सोडून द्यावा, मग दलाल बयाण्याची कितीही घाई करो. आपली बचत वर्षानुवर्षे दुकानात उभे राहून, मागावर बसून झालेली असते. ती मुलाबाळांची अमानत आहे, आणि गोदामात ठेवलेला माल दुसऱ्याची अमानत आहे. दोन्ही सांभाळता येतील अशाच जागेला हात घालावा.