संगणक ‘रिकव्हरी की’ मागतो तेव्हा : सिक्युअर बूट व बिटलॉकरच्या अडचणींचे निवारण

कीड सर्वेक्षणाची नोंद एकदाच घेता येते. ज्या आठवड्यात कामगंध सापळ्यातील पतंग मोजले गेले, तो आठवडा पुन्हा येत नाही. अशा नोंदी आज बहुधा लॅपटॉपमध्ये असतात. त्याची डिस्क कूटबद्ध आहे, हे मात्र अनेकांना निळा पडदा समोर येईपर्यंत ठाऊक नसते.

पुसा येथील कृषी विज्ञान मेळ्यासाठी किंवा बैठकीसाठी दिल्लीस येणारे अनेक सहकारी नवी दिल्ली स्थानकालगतच्या पहाडगंजमध्ये उतरतात. कार्यालयापासून इतक्या दूर, सादरीकरणाच्या सकाळी संगणकाने ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली तर काय करावे, याचा हा पाठ आहे.

अडचण का येते?

मधमाश्यांच्या वसाहतीत प्रवेशद्वारावरील रक्षक माश्या येणाऱ्या माशीचा गंध पारखतात. सिक्युअर बूटचे कार्य असेच आहे. संगणक सुरू होताना चालणाऱ्या प्रणालीवर मान्य डिजिटल स्वाक्षरी आहे की नाही, हे ते तपासते. या टप्प्याची मोजमापे टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये नोंदली जातात. ती पूर्वीच्या नोंदीशी जुळली, तरच बिटलॉकरची किल्ली आपोआप मिळते. सिक्युअर बूट बंद केले, बायोस अद्ययावत केले किंवा मदरबोर्ड बदलला, की मोजमाप जुळत नाही आणि संगणक किल्ली मागतो. याचा अर्थ माहिती नष्ट झाली असा नव्हे.

९ जुलै २०२४ च्या विंडोज सुरक्षा अद्यतनानंतर काही संगणकांवर हाच पडदा आला होता. त्यानंतर १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सदोष फाइल काढणे सोपे होते. पण डिस्क कूटबद्ध असलेल्या संगणकांवर त्याआधी रिकव्हरी की शोधावी लागली.

निवारणाचा क्रम

१. प्रथम पेनड्राइव्ह, बाह्य डिस्क व डॉक काढून संगणक पुन्हा सुरू करावा.

२. बायोसमध्ये नुकताच बदल केला असल्यास तो पूर्ववत करावा. सिक्युअर बूट बंद केले असल्यास सुरू करावे. ‘यूईएफआय’ऐवजी ‘लेगसी’ निवडले असल्यास परत ‘यूईएफआय’ निवडावे. अनेकदा एवढ्यानेच किल्लीची मागणी थांबते.

३. तरीही पडदा आला, तर त्यावरील ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरे लिहून घ्यावीत. मोबाइलवरून स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात प्रवेश करून उपकरणांच्या विभागात रिकव्हरी की पाहावी आणि आयडी जुळणारीच किल्ली भरावी. संगणक संस्थेचा असल्यास किल्ली बहुधा संस्थेच्या खात्यात असते. माहिती तंत्रज्ञान विभागास तोच आयडी कळवावा.

४. स्वतःच्या खात्यात किल्ली नसेल, तर संगणक प्रथम कोणाच्या ईमेलने सुरू केला होता ते आठवावे. विक्रेत्याने स्वतःचे खाते वापरले असल्यास किल्ली त्याच्याकडे जमा झालेली असू शकते.

५. प्रत्येक वेळी किल्ली मागितली जात असल्यास, एकदा संगणक उघडल्यावर कंट्रोल पॅनेलमधील बिटलॉकर विभागात ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ व नंतर ‘रिझ्यूम प्रोटेक्शन’ निवडावे. त्यामुळे नवी मोजमापे नोंदली जातात. विंडोजच्या होम आवृत्तीत हा विभाग नसतो. तेथे सेटिंग्जमधून ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करून, प्रक्रिया पूर्ण झाल्यावर पुन्हा सुरू करावे.

हे टाळावे

किल्ली हाती येईपर्यंत ‘क्लिअर टीपीएम’, ‘रीसेट’ किंवा ‘फॉरमॅट’ हे पर्याय निवडू नयेत. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तरी तेथेही किल्लीच मागितली जाते. नेहरू प्लेसच्या बाजारातील निष्णात कारागिराकडेही यावर उपाय नाही, आणि हरवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टही नव्याने तयार करून देऊ शकत नाही. किल्ली व नोंदींची दुसरी प्रत दोन्ही नसतील, तर त्या नोंदी गेल्या असेच समजावे.

आजच करावयाची कामे

सेटिंग्जमध्ये डिस्क कूटबद्ध आहे का ते पाहावे. असल्यास किल्लीची छापील प्रत कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. लॅपटॉपमध्ये किंवा त्याच्या पिशवीत ठेवू नये. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे याची प्रवासापूर्वी खात्री करावी. बायोस अद्ययावत करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागत असून त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे येत आहेत. हा बदल संगणक सुरू होण्याच्या टप्प्याशीच संबंधित असल्याने किल्ली आधीच जवळ असणे हिताचे.

कूटबद्धीकरण बंद ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. लॅपटॉप चोरीस गेल्यास शेतकऱ्यांचे क्रमांक, गट नंबर आणि बँक तपशील तेच सुरक्षित ठेवते. कूटबद्धीकरण चालू, किल्ली संगणकाबाहेर आणि नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, ही व्यवस्था हंगाम सुरू होण्यापूर्वीच पूर्ण करावी.