आधी नोंद वाचा



अमेरिकेत वकिलांना रुग्णाची कागदपत्रे समजावून देणाऱ्या अनुभवी परिचारिका असतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९८९ साली स्थापन झाली. तिचे वार्षिक अधिवेशनही भरते.

अशा अधिवेशनातून परिचारिकेने काय शिकून यावे? मला वाटते, सर्वांत आधी वेळेचा तक्ता मांडणे. ताप कधी चढला, डॉक्टरांना कधी कळवले, ते कधी आले, हे क्रमाने लिहिले की उशीर कोठे झाला ते दिसते. कधी कोणाचीच चूक नव्हती, असेही दिसते. तेही वकिलाला स्पष्ट सांगावे लागते. दुखावलेल्या कुटुंबाला न्याय हवा, तसाच निर्दोष परिचारिकेलाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच : दोष देण्याआधी नोंद वाचा. घरातील आजाऱ्याचे कागदही तारखेनुसार जपून ठेवा.