‘आजार उसळलाय’ म्हणण्याआधी पाय बघा

माझ्या धाकट्या भावाच्या फाइलवर ‘पेशंट अस्वस्थ, डोस वाढवला’ हे इतक्या वेळा लिहिलंय की ते अक्षर मी कुठेही ओळखेन. स्किझोफ्रेनिया आम्ही केव्हाच स्वीकारला होता. भास थांबले होते. माझा संताप आहे तो त्यानंतरच्या उपचारांवर.

हॅलोपेरिडॉल वाढलं आणि याचं बसणंच संपलं. दोन घास खाऊन उठायचा, ताट हातात घेऊन पॅसेजमध्ये येरझाऱ्या. उभा राहिला तरी या पायावरून त्या पायावर. डॉक्टर म्हणाले, “आजार उसळलाय.” पुन्हा डोस, पुन्हा येरझाऱ्या. मी तारखा कॅलेंडरवर मांडून नेल्या, तर उत्तर मिळालं, “ताई, नेटवरचं वाचून येत जाऊ नका.” एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्या किंचित मोठ्या दिसल्या. फिल्म उजेडाकडे धरून ते म्हणाले, “मेंदूच असा आहे, त्याला कोण काय करणार?”

त्या रात्री भाऊ रडकुंडीला येऊन म्हणाला, “मला बसायचंय गं ताई. पाय बसू देत नाहीत.” ना भीती, ना आवाज. बसता येत नव्हतं, एवढंच! हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं, तळवे गुडघ्यांवर ठेवायला लावले, जीभ बाहेर काढायला सांगितली, चालवून पाहिलं. अकॅथिसिया, औषधामुळे होणारी तगमग. डोस उतरवला, प्रोप्रॅनोलॉल दिलं. आता तो बसून जेवतो. जिभेची वळवळ मात्र राहिली. ती टार्डिव्ह डिस्कायनेसिया, औषध दीर्घकाळ घेतल्यावर येणारी. वेळीच तपासलं असतं, तर ती आधी लक्षात आली असती.

हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डोपामिन अडवतात. त्याने भास आवरतात, पण हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या बेसल गँग्लियातही तेच डोपामिन लागतं. सगळा दोष औषधाचाच असतो असंही नाही. 1950च्या दशकात ही औषधं आली, त्याआधीही अशा रुग्णांत विचित्र हालचालींची नोंद आहे. पोकळ्या मोठ्या असणं 1976 साली लंडनच्या सीटी स्कॅन अभ्यासात दिसलं. पण तो गटांतला फरक. एका माणसाचे पाय का थांबत नाहीत, ते फिल्म सांगत नाही.

म्हणून सांगते:

हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डोस कधी बदलला ते शेजारी लिहा. केबिनमध्ये पेशंट नेमका शांत बसतो.

‘अ‍ॅबनॉर्मल इन्व्हॉलंटरी मूव्हमेंट स्केल’ ही तपासणी दर काही महिन्यांनी मागून घ्या. तिला मशीन लागत नाही, दहाएक मिनिटं लागतात.

ट्रायहेक्सिफेनिडिल कंप आणि ताठरपणाला उपयोगी पडतं, जिभेची वळवळ मात्र त्याने वाढू शकते. कशासाठी दिलंय, ते विचारा.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आजार खरोखरच उसळेल.

ताप, अंग लाकडासारखं ताठ, शुद्ध हरपल्यासारखं वागणं: तडक हॉस्पिटल. बोलणं-खाणं थांबून एकाच स्थितीत राहिला, तर तो हट्ट नव्हे, कॅटाटोनिया असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

झोप, जेवण, फिरणं सांभाळा. स्वतःचीही काळजी घ्या.

2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपली कागदपत्रं मिळण्याचा हक्क दिलाय. प्रती मागा. दुसरं मत घेणं हा अविश्वास आहे, असं आम्हाला ऐकवलं गेलं. तुम्हालाही ऐकवतील. तरी घ्या.