घरगुती विमानबांधणी : उत्साहाला हवी शिस्तीची जोड

रायगड जिल्ह्यात पनवेलनजीक उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. डोक्यावरून जाणारे विमान पाहून ते स्वतः बांधण्याची ईर्षा एखाद्या हुशार मुलाच्या मनात निर्माण व्हावी, हे स्वाभाविक आहे. असा मुलगा प्रथम शिक्षकाकडे किंवा सरपंचाकडेच येणार. त्याला कोणता सल्ला द्यावयाचा, याचा विचार आधीच केलेला बरा. महाराष्ट्रातील दोन घटना या दृष्टीने उद्बोधक आहेत.

दोन घटना

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात वेल्डिंगचे काम करणाऱ्या २४ वर्षांच्या तरुणाने मोटारीचे इंजिन बसवून हेलिकॉप्टर तयार केले. जमिनीवर चाचणी चालू असताना मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंख्याच्या आघाताने तो तरुण मृत्युमुखी पडला. यंत्र आकाशात गेलेही नव्हते.

दुसरी घटना मुंबईची. व्यवसायाने वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. या वाटचालीत कागदोपत्री अडचणी पुष्कळ आल्या. तरीही उड्डाण झाले ते परवाना हाती आल्यावर आणि प्रशिक्षित हातांनीच.

जिद्द दोन्हीकडे होती. अंतर होते ते प्रशिक्षणाचे आणि तपासणीचे.

फेरबदलाचे पथ्य

होडीत जाळी आणि बर्फ सारेच मागे रचले, तर नाळ वर उठते आणि होडी सुकाणूला नीट दाद देत नाही, हे किनाऱ्यावरील प्रत्येक तांडेलाला ठाऊक असते. विमानाचेही तसेच आहे. त्याचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेतच असावा लागतो. शेपटीकडे भार वाढला की नाक वर जाते, वेग घटतो आणि पंखांची उचल नाहीशी होते. होडी सावरण्यास अवसर मिळतो. कमी उंचीवरील विमानाला तो मिळत नाही.

मोटारीचे इंजिन विमानाच्या इंजिनाहून सहसा जड असते. ते बसविताच तोल बदलतो व कंपनेही निराळी होतात. सततच्या कंपनाने धातूत बारीक चिरा पडतात आणि त्या डोळ्यांना दिसण्यापूर्वीच भाग तुटू शकतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, प्रत्येक बदलानंतर वजन घेऊन तोल मोजावा, त्याची लेखी नोंद ठेवावी आणि जोडकाम दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. इंजिनाची चाचणी घेताना चाके बांधलेली असावीत, अग्निशामक जवळ असावे आणि फिरत्या पंख्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये.

आधी शिक्षण, मग इंजिन

अमेरिकेतील राइट बंधूंनी १९०० ते १९०२ या काळात समुद्रकाठच्या वाळूवर बिनइंजिनाच्या ग्लायडरने सराव केला. यंत्रावर ताबा आल्यानंतरच त्यांनी इंजिन बसविले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण १२ सेकंद टिकले. आपल्याकडे खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात व किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. आरंभीचे धडे दुहेरी नियंत्रणाच्या विमानात प्रशिक्षकाच्या शेजारी बसूनच घ्यावयाचे असतात. स्वतः बांधलेल्या विमानावर स्वतःच उडणे शिकणे म्हणजे दोन अनोळखी गोष्टींची एकाच वेळी परीक्षा घेणे होय.

पुळण ही धावपट्टी नव्हे

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनची ओहोटीची पुळण सपाट दिसते. परंतु आपला किनारा साधारण दक्षिणोत्तर आहे आणि दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून येतो. पुळणीवर धावणाऱ्या विमानाला तो आडवा लागतो आणि नवशिक्याला हा आडवा वाराच सर्वांत अवघड जातो. ओल्या वाळूत चाक रुतते, खारी हवा ॲल्युमिनियमला खाते आणि तेथे मच्छीमार व पर्यटकांचा वावर असतो. शिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीविना उड्डाण करणे कायद्याविरुद्ध आहे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

अशा तरुणाची थट्टा करू नये आणि त्याला डोक्यावरही घेऊ नये. जत्रेत वा राष्ट्रीय सणाच्या दिवशी प्रात्यक्षिकाचा आग्रह धरणे म्हणजे त्याला अपुऱ्या तयारीने यंत्रात बसविणे होय. शाळेने त्याला प्रथम कागदी व लाकडी प्रतिकृतींतून तोलाचे गणित शिकवावे. पुढे तंत्रनिकेतन, उड्डाण प्रशिक्षण संस्था आणि महासंचालनालय यांच्याशी पत्रव्यवहार करण्यास पंचायतीने साहाय्य करावे. परवाना हाती येईपर्यंत यंत्र जमिनीवरच राहील, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले, तर गावाचा एक होतकरू कारागीर गावाला लाभेल.