भरलेली टपालपेटी

या पाठात आपण एका अडचणीचा माग कसा काढावा हे पाहणार आहोत. अडचण संगणकाची आहे. परंतु तिचा शोध घेण्याची रीत यंत्रातील बिघाड शोधण्याच्या रीतीहून फारशी निराळी नाही.

बेंगळुरूमध्ये तुमकुर रस्त्याला लागून पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. तेथून जवळच, जालहळ्ळी येथे, १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग लागतात आणि ते पुरविणारे लहान उद्योग त्यांच्या आसपास वाढतात. पीण्याची वसाहत १९७० च्या दशकात अशाच उद्योगांसाठी आकारास आली. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, उष्णतोपचार, प्लेटिंग ही येथील नित्याची कामे. पूर्वी कामाची रेखाचित्रे कागदाच्या गुंडाळ्या होऊन टपालाने अथवा कुरिअरने येत. आता ती ई-मेलने येतात आणि ई-मेल अडली की लेथही अडतो.

समजा, निपाणीहून आयटीआय करून आलेला एक तरुण येथील एका कार्यशाळेत कामाला आहे. संगणकाची थोडी जाण असल्याने मेल पाहण्याचे कामही त्याच्याकडेच आले आहे. एके सकाळी पुण्याहून ग्राहकाचा दूरध्वनी येतो.

"अहो, आमची मेल दोनदा परत आली. ड्रॉइंग बदललंय. जुन्यावर काम सुरू करू नका!"

"पण साहेब, आमचं इंटरनेट तर चालू आहे."

येथे तरुणाने इंटरनेटचा विचार सोडून ग्राहकाकडून परत आलेला संदेश शब्दशः वाचून घ्यावा. त्यात '५५२' आणि '५.२.२' असे आकडे आहेत. हे आकडे निरर्थक नाहीत. ई-मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी होते, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले, आणि ४५२ व ५५२ हे संकेत तेव्हापासूनचे आहेत. आरंभीचा ४ सांगतो, 'सध्या जागा नाही, पुन्हा प्रयत्न करा.' आरंभीचा ५ सांगतो, 'स्वीकारणार नाही, पुन्हा पाठवू नका.' पुढे आलेल्या तीन आकड्यांच्या संकेतांत ५.२.२ म्हणजे त्या एका व्यक्तीची पेटी भरली आहे, ४.३.१ म्हणजे सर्व्हरचीच साठवण संपली आहे. दारावरची पत्रपेटी भरणे आणि टपाल कचेरीचे गोदाम भरणे यांत जो फरक, तोच येथे आहे. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला मेल येत आहे का, एवढे विचारले तरी या निदानाला दुजोरा मिळतो.

पेटी कशाने भरली? पत्रांच्या मजकुराने ती क्वचितच भरते. भरते ती जोडपत्रांनी, म्हणजे अटॅचमेंटनी. जोडपत्र मेलमधून नेताना त्याचे अक्षरांत रूपांतर करतात. त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून ९ एमबीचे रेखाचित्र सुमारे १२ एमबी जागा घेते. तेच रेखाचित्र आपण पुढे पाठविले की त्याची प्रत 'सेंट' कप्प्यातही राहते. खोडलेली मेल कचरापेटीत जाते आणि ती रिकामी करेपर्यंत बहुतेक ठिकाणी मर्यादेत मोजली जाते. शिवाय, संगणकावर मेल उतरवून घेतली तरी 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केलेली असेल, तर सर्व्हरवरील पेटी मुळीच हलकी होत नाही. अनेकांची फसगत होते ती येथेच.

याच्या उलट धोकाही आहे. आयमॅप पद्धतीने जोडलेल्या संगणकावरील मेल ही सर्व्हरवरील मेलचेच प्रतिबिंब असते; इकडे खोडली की तिकडेही खोडली जाते. म्हणून आधी जोडपत्रे ग्राहकवार फोल्डरमध्ये उतरवावीत, त्यांतील दोन-चार उघडून पाहावीत आणि मगच खोडावे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. बिले मेलवरच असतील, तर घाईची साफसफाई महागात पडेल.

पाठगत प्रश्न : तरुणाने पेटीतील मोठ्या मेल खोडल्या, तरी पेटी भरलेलीच दिसते. याची दोन कारणे कोणती असू शकतील?

आता गोदामाकडे वळू. कार्यशाळेचा स्वतःचा सर्व्हर असेल, तर तो सांभाळणारा गृहस्थ पुष्कळदा मागेल त्याची मर्यादा वाढवून मोकळा होतो. दहा जणांना प्रत्येकी ५० जीबी दिली आणि डिस्क २५० जीबीची असली, तर एक दिवस सर्वांच्याच मेल थांबतील. कधी डिस्कवर निम्मी जागा शिल्लक दिसते, तरीही 'जागा नाही' असा संदेश येतो. काही सर्व्हर प्रत्येक मेलची वेगळी फाइल करतात आणि अनेक डिस्कांवर फाइलींच्या संख्येलाही मर्यादा असते. स्टोअरच्या नोंदवहीची पाने संपली, की फळी रिकामी असूनही माल नोंदवून घेता येत नाही, तसेच हे. तेव्हा जागा आणि फाइलींची संख्या, दोन्ही तपासावीत. मेलच्या फाइली सर्व्हरवर हाताने खोडू नयेत. काही सर्व्हर वापरलेल्या जागेचा आकडा निराळा टिपून ठेवतात आणि तो तसाच राहतो. तसे झालेच, तर मोजणी नव्याने करून घ्यावी लागते.

१९९६ साली सुरू झालेल्या हॉटमेलची पेटी अवघी २ एमबीची होती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ जीबी देऊ केली, तेव्हा अनेकांना ती त्या दिवसाची थट्टाच वाटली. आमच्या पिढीला अजून त्याचे नवल वाटते.

तरुणाने कचरापेटी रिकामी केली, 'सेंट' कप्पा हलका केला. पेटीत निम्मी जागा झाली. तास गेला, दोन तास गेले, तरी पुण्याची मेल येत नाही. संकेताचा आरंभ ४ ने झाला असता, तर पाठविणाऱ्या सर्व्हरने साधारणतः चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न केला असता आणि ती आपोआप आली असती. येथे आरंभी ५ होता. ती मेल आता स्वतःहून येणार नाही. लेथवर जुन्या रेखाचित्राचा तुकडा चढलेला आहे. तरुण आधी तो थांबवतो, मग पुण्याचा क्रमांक फिरवतो.

"साहेब, जागा केली आहे. ड्रॉइंग पुन्हा पाठवता का? मी फोन धरून थांबतो."