अरुंद दिसलेली धमनी: पुढचे पैसे भरण्याआधी

एमआर अँजिओच्या रिपोर्टमध्ये ‘डावी सबक्लेव्हियन धमनी (डाव्या हाताला रक्त नेणारी) अरुंद’ असं आलं, की घरात लगेच स्टेंटच्या खर्चाची बोलणी सुरू होतात. थांबा. आधी दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर मोजून घ्या. त्याला जवळजवळ काही खर्च नाही. धमनी खरंच बरीच अरुंद असेल, तर त्या हाताचं वरचं प्रेशर सहसा 15-20 ने कमी भरतं. दोन्हीकडे सारखं भरलं, तर डॉक्टरांना विचारा: स्कॅनच्या वेळी कॉन्ट्रास्ट औषधाची सुई कोणत्या हाताला टोचली होती?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गॅडोलिनियम, म्हणजे हे कॉन्ट्रास्ट औषध, रक्तात मिसळून पातळ झालं की धमनी उजळ दिसते. पण नुकतंच टोचलेलं दाट औषध शेजारचा सिग्नलच मारून टाकतं. डाव्या हातातून गेलेलं औषध छातीत ज्या शिरेतून वाहतं, ती महाधमनीच्या फांद्यांसमोरून आडवी जाते. तिथं निरोगी धमनीही चिमटल्यासारखी दिसू शकते. म्हणून सुई शक्यतो उजव्या हाताला देतात. उजव्या हाताची धमनी तपासायची असेल तर डाव्या हाताला. शंका असेल तर थोड्या उशिराने घेतलेल्या प्रतिमा पाहायला सांगा. शिरेतलं औषध पातळ झाल्यावर खोटा अरुंदपणा ओसरतो.

जुना स्टेंट किंवा क्लिप असेल तर तिथं धातूमुळे काळी पोकळी दिसते. हे आधीच सांगा. फिल्मवर समाधान मानू नका, सर्व मूळ प्रतिमांची सीडी मागा. तीच दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवणं पुन्हा स्कॅन करण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

रावेत-चिंचवडकडे ढोबळ अंदाज असा धरा: कॉन्ट्रास्ट एमआर अँजिओ आठ ते पंधरा हजार, डॉपलर (धमनीची सोनोग्राफी) दीड ते तीन हजार. फोनवरच विचारा, कॉन्ट्रास्ट दरात धरलंय का? नेहमीच्या औषधाचा डोस किलोमागे 0.2 मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिली; 10 मिलीची बाटली पुरत नाही. क्रिएटिनिनची तपासणी वेगळी. त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) 30 च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टआधी डॉक्टरांशी बोला.

तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं अशी लक्षणं असतील तर यातलं काहीही करत बसू नका, 108 लावा.

चाकण-भोसरीच्या कारखान्यात असाल आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातून रेफरल आधी घ्या. मेडिक्लेमवाल्यांनी बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपावी: त्याच आजारासाठी पुढे भरती व्हावं लागलं, तर बऱ्याच पॉलिसीत आधीच्या तपासण्यांचे पैसे ठरावीक दिवसांच्या मर्यादेत मिळतात.